थेंबोच्या गाडीची मोठी चकती

मी थेंबोच्या मोटरसायकलची मागची दातेरी चकती बोलतेय. गॅरेजवाले मला स्प्रॉकेट म्हणतात. इंजिनाचा जोर चेनमधून माझ्याकडे येतो आणि मी तो चाकाला देते. मी थोराड बांध्याची, दात जास्त. माझ्यामुळे गाडीचा पळ कमी होतो, पण भरल्या ओझ्यानिशी ती चढण चढते.

थेंबोचं घर रुवेन्झोरीच्या डोंगरात. कुले मिस्त्रीनं मला बसवलं त्याच दिवशी थेंबोनं मागे बायको बीरा आणि मटोकेचे, म्हणजे भाजीच्या केळ्यांचे, दोन घड असं सगळं एका दमात घरी नेलं. बीरा वाटभर हसत होती.

मग खाली कसेसे शहराकडे डांबरी रस्ता झाला. थेंबो भाड्यानं माणसं न्यायचा, आणि तिथल्या गिऱ्हाइकांना घाई फार. बाकीचे गाडीवाले सुसाट पुढे निघायचे आणि जाता जाता विचारायचे, गाडीला शेळी जुंपलीस का रे? थेंबोला ते लागलं. मला काढून लहान चकती बसव, असं त्यानं कुलेला सांगितलं. कुले म्हणाला, सपाटीला गाडी उडेल, पण चढावर मागे दोघं बसले की गुदमरेल.

बीरा पोटुशी होती. ती शेजारीच उभी होती.

"दवाखाना खिंडीपलीकडे आहे," ती एवढंच म्हणाली.

"तेव्हाचं तेव्हा बघू गं. चकती बदलायला कितीसा वेळ लागतो?"

मी कुलेच्या भिंतीवर खिळ्याला टांगली गेले.

पुढचं मला कळलं ते थेंबोचा भाऊ मासेरेका कुलेला सांगत होता तेव्हा. दिवस भरण्याआधीच बीराला कळा सुरू झाल्या, रक्त थांबेना. तिला धरायला नणंद मागे बसली. खिंडीच्या चढावर गाडी पहिल्या गिअरमध्येही धापा टाकू लागली. थेंबो अर्धा क्लच धरून इंजिन पिळत राहिला. क्लच जळला, गाडी थांबली. शेजाऱ्यांनी झोळी करून बीराला खांद्यावर घेतलं. दवाखान्याच्या फाटकाशी ती गेली. पोटातलं बाळही गेलं.

माती झाल्यावर थेंबो गॅरेजात आला. कुलेनं क्लचमध्ये नव्या प्लेटा भरल्या आणि मला पुन्हा बसवलं. तिथून थेंबो एकटाच खिंडीकडे निघाला. गाडी सरसर चढली. वर पोचल्यावर त्यानं इंजिन बंद केलं आणि हँडलवर डोकं टेकलं. एकट्याला चढायला माझी गरजच नव्हती. लहान चकतीनंही नेलं असतं.

आता तो डोंगरातल्या अडलेल्या बायकांना दवाखान्यात पोचवतो. चिखलामातीनं माझे दात झिजून हुकांसारखे वाकडे झालेत. परवा चढावर चेन माझ्यावरून सटकली, गाडी मागे घसरली. मागे कळा सोसणारी एक पोर बसली होती. नशिबानं सगळे सावरले.

कुलेनं माझ्याच मापाची नवी चकती आणून ठेवली. थेंबोनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ही काढायची नाही," तो म्हणाला. "एकदा काढली होती."

थेंबो, बाबा, मला काढ. ती नवी बसव. तुझ्या मागे माणसं बसतात.