बोगद्याची भीती

इंदोऱ्यातल्या गच्चीवरून मेट्रो दिसायची, पण ती सुरू झाल्यापासून अंजनाबाईंनी तिच्यात पाऊल टाकलं नव्हतं. ताराचंद बायकोला सांगून सांगून थकले. उन्हाळ्यात ते गेले आणि दोघांनी मिळून मेट्रोत बसणं राहूनच गेलं.

आज त्यांचा फोटो सदर भागातल्या दुकानात फ्रेम होऊन तयार होता. दीक्षानं आईला स्टेशनपर्यंत आणलं खरं, पण सरकत्या जिन्यापाशी आई अडली.

"तू जाय. मी ऑटोनं येतो."

"काहून वं आई? बाबांची किती इच्छा होती!"

"तुह्या बाबानंच तं भेव घातलं," अंजनाबाई फणकारल्या. "जेवाले बसलं का तेच. लंडनमधी जमिनीखालून गाडी, कोळशाचं इंजिन, बोगदाभर धूर. लोकायले वाटे, गुदमरून मरू, वरची घरं खचतीन. एक पाद्री तं म्हणे, खाली सैतान आहे, त्याले उठवू नका."

"अगं, त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली!"

"मंग? हे बी सीताबर्डीपुढं जमिनीत घुसते ना?"

दीक्षा पाहतच राहिली. बायको मेट्रोला नाही, आपल्या गोष्टीला घाबरते, हे बाबांना कधी कळलंच नव्हतं. तिला हसू फुटलं.

"कुठंच घुसत नाही. विचारायचं तरी बाबांना!"

"विचारलं असतं तं पुन्हा लंडन सुरू झालं असतं."

अंजनाबाई जिन्यावर चढल्या, दीक्षाचा दंड घट्ट धरून.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. खाली कामठी रोडवरची दुकानं सरकू लागली, तशी दंडावरची पकड सैल झाली. शेजारच्या कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "पहिल्यांदाच का आजी?"

"बसाले पहिल्यांदा. माहीत सगळं आहे," अंजनाबाई सावरून बसल्या. "लंडनमधी पयल्या दिवशी इतकी गर्दी झाली, का लोकं वापस पाठवा लागले. डब्यात गॅसचे दिवे. अन् नावं ठेवणारे पेपरवाले? तेही आले पाहाले!"

गोष्ट सांगताना बाबा जिथं थांबायचे, तिथंच आई थांबत होती. दीक्षा ऐकत राहिली.

सदरसाठी उतरायचं कस्तुरचंद पार्क स्टेशन आलं, दारं उघडली. दीक्षा उठली.

"बस खाली," आई म्हणाली. "फोटो काई पळून नाही जात. या पोरीले पार शेवटी खापरीले जाचं आहे, अन् मह्यं अजून अर्धं बी सांगून नाही झालं."

दीक्षा बसली.