गुणगुणणारी पेटी

रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की माझा जीव कासावीस होतो. बायको होती तोवर म्हणायची, "तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी तिथले पंखे बंद कराल." बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झालो, मुलगा नोकरीसाठी दूर गेला, आणि सुनेच्या कारखान्यात मी रोज जाऊन बसू लागलो. कारखाना म्हणजे पत्र्याखाली सहा लेथ, एक ड्रिल मशीन आणि दाराजवळ माझी खुर्ची. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण सून कधी "बाबा, घरी आराम करा" म्हणाली नाही, आणि त्याचा अर्थ मी माझी गरज आहे असा लावला.

खुर्चीमागे भिंतीवर एक लोखंडी पेटी होती. दिवसभर गुणगुणायची, वर लाल दिवा, हात लावला तर कोमट. करत काय होती ते कुणाला विचारायचं मला सुचलं नाही. एका दुपारी मी तिचा खटका खाली केला आणि बघत राहिलो. एकही मशीन थांबलं नाही. मनात म्हटलं, घ्या, इतकी वर्षं ही बया फुकट वीज खात बसली होती आणि या शिकल्यासवरल्या लोकांना पत्ता नाही. कुणाला बोललो नाही. बिल कमी आलं की ऐटीत सांगू, असा बेत होता.

बिल दीडपटीच्या वर आलं. पुढच्या महिन्याचंही तसंच.

सून दोन दिवस बिल समोर ठेवून बसली होती. मी मात्र चोर शोधायला निघालो, आणि अति शहाण्याला चोर सापडायला कितीसा वेळ लागतो? तिसऱ्या लेथवरच्या लांब्याने बॅटरीवरची स्कूटर घेतली होती आणि ती तो मागच्या भिंतीतल्या प्लगला लावून ठेवायचा.

लांब्या माझाच विद्यार्थी. गणितात कायम गटांगळ्या. फळ्यापाशी उभा केला की खडू त्याच्या हातात थरथरायचा. आता तोच हात लेथवर केसाएवढा फरक पकडतो, पण मला बघितलं की अजून उभा राहतो.

जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसले असताना, मी ती वायर उपटून आणली आणि त्याच्यासमोर टाकली. "ही बघा आपली वीज कुठे जाते ती. खाल्ल्या घरचे वासे मोजतोस होय रे? हेच शिकवलं होतं मी तुला?"

तो उभा राहिला. "सर, मी मॅडमना विचारून..."

"काय विचारलंस? चोरू का म्हणून?"

सून तेव्हा बँकेत गेली होती. बाकीचे पाच जण आपापल्या डब्यात बघत राहिले. लांब्याने अर्धा डबा तसाच बंद केला, स्कूटर ढकलत फाटकाबाहेर नेली आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. सुनेने चार वेळा फोन केला, त्याने उचलला नाही.

"परवानगी मीच दिली होती, बाबा," ती म्हणाली. "एकदा मला विचारायचं होतंत."

"तू भोळी आहेस," मी म्हणालो. देवा, हेही म्हणालो मी.

चौथ्या दिवशी तिने वायरमनला बोलावलं. बुटका, तोंडाने सतत शीळ घालणारा माणूस. त्याने मोटारी बघितल्या, मीटर बघितला, मग माझी खुर्ची बाजूला सरकवून पेटीसमोर उभा राहिला आणि त्याची शीळ थांबली.

"या पेटीतले कपॅसिटर कुणी बंद केले?"

उत्तराची वाट न बघता त्याने कोपऱ्यातला खडू उचलला आणि भिंतीवर एक आडवी रेघ काढली. "मॅडम, ही तुमच्या मशिनांनी खरं काम करायला घेतलेली वीज. सहा हजार युनिट. दर महिन्याला तेवढीच आहे, बिलावर छापलंय बघा." मग त्या रेघेच्या टोकाला एक उभी रेघ काढली. "आणि ही मोटारीला चुंबकासाठी लागते. काम काही करत नाही, नुसती येते आणि परत जाते. पण तिच्याशिवाय मोटार फिरायची नाही. पेटी चालू असली की ही ये-जा जागच्या जागी भागते. पेटी बंद, की सगळी बाहेरच्या तारेतून यायला लागते. ती झाली आठ हजार. वीज कंपनी आता नुसतं काम मोजत नाही, तारेतून जे ओढाल ते मोजते." आणि त्याने दोन टोकं तिरप्या रेघेने जोडली. "ही तिरपी रेघ म्हणजे तुमचं बिल."

काटकोन त्रिकोण. सहा, आठ आणि कर्ण दहा. बत्तीस वर्षं हेच उदाहरण मी सगळ्यात आधी घालायचो, कारण ते ढ पोरालाही येतं. मी पेटी बंद करून सहाचे दहा केले होते.

"आणि स्कूटर?" सुनेने विचारलं.

वायरमन हसला. "दिवसाला दोन युनिट. ती कशाला मोजताय?"

त्याने खटका वर केला. लाल दिवा लागला. "पण बंद केली कुणी?" त्याने पुन्हा विचारलं. पाचही जण ऐकत होते.

"माझ्याच हातून झालं असेल," सून म्हणाली. "साफसफाई करताना." माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तिला कळलं होतं. त्या पेटीला पाठ लावून दिवसभर दुसरं कोण बसतं? आणि मी, मोठा माणूस, सुनेला माझं पाप अंगावर घेऊ दिलं आणि खुर्ची पुन्हा जागेवर ठेवत बसलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

संध्याकाळी लांब्याच्या घरी गेलो. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि ती बाजूला झाली, पण या म्हणाली नाही. लांब्या मला बघून उभा राहिला.

मी एका दमात सांगून टाकलं. पेटी मी बंद केली. चूक माझी. उद्या सगळ्यांसमोर सांगतो, सुनेचाही आळ उतरवतो, तू ये.

"पेटी तुम्ही बंद केलीत ते मला माहीत होतं, सर," तो म्हणाला. "मी समोरच होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही केलंत म्हणजे काहीतरी हिशोब असेल, असं वाटलं."

मी खाली बघितलं. तेवढ्यात त्याची बायको आतून एक कागद घेऊन आली, किराणा दुकानाच्या जुन्या पावतीची कोरी बाजू. तो "राहू दे गं" म्हणाला, पण तिने कागद माझ्या हातात दिलाच. "तीन दिवस हे हेच करत बसलेत. मीही यांना विचारलं, खरं सांगा, आणखी काय काय लावत होतात तिथे? माझाही विश्वास राहिला नव्हता."

कागदावर दोन युनिट गुणिले सव्वीस दिवस, बरोबर बावन्न, असं लिहिलं होतं. त्यावर काट. खाली पुन्हा तेच, पुन्हा बावन्न, पुन्हा काट. मग तिसऱ्यांदा, आकडे मोठे आणि सुटे, शाळेतल्यासारखे. त्यावरही काट.

"बावन्नने बिल इतकं कसं वाढेल, तेच जमेना," लांब्या म्हणाला. "पण तुम्ही एवढ्या लोकांसमोर म्हणालात. म्हटलं, माझंच कुठेतरी चुकतंय. माझं गणित तुम्हाला माहीतच आहे."

"बावन्नच," मी म्हणालो. "तिन्ही वेळा बरोबर आहे."

त्याच्या बायकोने माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं.

"मग तुम्हाला किती आलं होतं?"

लांब्याही उत्तराची वाट बघत होता.

"मी केलंच नव्हतं," मी म्हणालो.