मी मोठा केलेला आवाज

मित्रांनो, मी शाळेच्या कपाटात पडलेला एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला पोचे आलेत, वायरला तीन ठिकाणी चिकटपट्टी आहे. एके काळी मात्र माझ्यावाचून शाळेची सकाळ सुरू होत नसे. साडेचारशे मुलं मैदानावर रांगा धरत. आधी प्रार्थना, मग झेंड्याला सलामी, मग प्रतिज्ञा. "काय खणखणीत आवाज आहे!" असं पाहुणे म्हणत आणि मी फुशारून जाई.

एका सोमवारी प्रतिज्ञा सांगायची पाळी सातवीतल्या एका मुलीवर आली. गवंड्याची लेक, वाचनात वर्गात पहिली. ती माझ्यासमोर येऊन गप्प उभी राहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा खुणावलं. शेवटी ती हळूच म्हणाली, "बाई, आमच्या धर्मात देवाशिवाय कुणापुढे शपथ घेत नाहीत. मी ताठ उभी राहते, पण शपथ नाही म्हणणार."

"देशाचं अन्न खाताना बरी जीभ चालते!" बाई कडाडल्या.

मी चालूच होतो. ते शब्द मैदानभर घुमले. मुलं खो खो हसली. ती रडली नाही, नुसती आपल्या बुटांकडे बघत राहिली. मित्रांनो, शब्द बाईंचे होते, पण मोठे मी केले होते.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना. चौथ्या दिवशी तिचे वडील आले. हातावरचं सिमेंट तसंच वाळलेलं. मी ऑफिसातल्या टेबलावरच होतो.

"बाई, झेंड्याचा मान आम्हीही ठेवतो. पण मनात नसलेली शपथ घ्यायची म्हणजे खोटं बोलायचं. पोरीला तेच शिकवू का?" ते थांबले. "आणि रागवायचंच होतं, तर खोलीत बोलवायचं होतं. सगळ्यांदेखत कशाला?"

बाईंनी समोरची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "उद्या पाठवा तिला."

सकाळी बाईंनी मला हातात घेतलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी मी एका मुलीला सगळ्यांसमोर नको ते बोलले. चूक माझी होती. ज्याला प्रार्थना किंवा प्रतिज्ञा म्हणायची नाही, त्याने शांत उभं राहावं. तेवढं पुरे."

प्रतिज्ञा झाली. ती ताठ उभी होती, ओठ मिटलेले. कुणी हसलं नाही. तिची जिवलग मैत्रीण मात्र प्रतिज्ञा न म्हटल्याचा राग धरून पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही, असं शिपाईमामा सांगत होते.

आता शाळेत बिनवायरचा माईक आलाय. मला दुरुस्त करा, नाहीतर भंगारात द्या, माझी तक्रार नाही. मित्रांनो, एवढंच मागतो. माईक हातात आला की आधी समोर नीट बघा. तिथे एखादं मूल गप्प उभं असेल, तर त्याला तसंच उभं राहू द्या.