दुसरा टप्पा

"ताई, हे काय लिहिलंय? माझं ऑपरेशन होऊन गेलंय म्हणे!"

दारात बस चालवणारे दादा उभे होते आणि हातात विमा कंपनीचा कागद होता. तळघरातल्या आमच्या रेकॉर्डच्या खोलीत पेशंट सहसा येत नाहीत. आला की समजायचं, काहीतरी घोळ झालाय.

'हीच शस्त्रक्रिया पूर्वी झाली आहे. दुबार अर्ज नामंजूर.'

माझं काम साधं आहे. डॉक्टर जे लिहितात त्याला मी ठरलेला नंबर देते आणि त्या नंबरावर मंजुरी येते. सगळं हॉस्पिटल मला नंबरवाल्या बाई म्हणतं. म्हणोत बापडे.

"बसा आधी," मी म्हटलं.

"बसायचं नाव काढू नका ताई!"

अपघातात दादांचा मूत्रमार्ग चेपला होता. सहा महिन्यांपूर्वी आमच्या सर्जन सरांनी तो उघडून आत नवं अस्तर लावलं आणि लघवीला खालून तात्पुरती वाट काढून दिली. दुसऱ्या टप्प्यात मार्ग पुन्हा शिवून बंद करायचा, तोवर लघवी बसूनच. ते ऑपरेशन उद्या होतं. परवापासून सर चार महिने प्रशिक्षणाला बाहेर.

"डेपोत सगळे रांगेत उभे, आणि मी दार लावून आत," दादा सांगत होते. "दोस्त विचारतात, आत पेपर वाचता का? मीही हसायचो. आता नाही हो हसू येत."

मी उगाच ड्रॉवर उघडला, बंद केला. मग फाइल काढली, आणि कपाळावर हात मारला. सरांनी उद्याच्या ऑपरेशनच्या नोंदीत पहिल्याचाच मजकूर जसाच्या तसा उचलून चिकटवला होता, तारीख तेवढी नवी. आणि मी शहाणी, डोळे मिटून त्याला पहिल्या टप्प्याचा नंबर देऊन मोकळी!

"दादा, इथून हलू नका," म्हणत मी जिना चढले.

सर ऑपरेशन थिएटरच्या दारात टोपी बांधत होते.

"तुम्हाला माहितीये ना दुसरा टप्पा आहे? मग टाका की नंबर!"

"मला माहीत असून काय उपयोग सर? कागदाला माहीत पाहिजे. तुम्ही लिहिलं नाही तर माझ्या लेखी ते झालंच नाही."

"बाई, आत पेशंट टेबलावर आहे."

"आणि माझा खाली उभा आहे. दोन ओळी लिहा. चिकटवायच्या नाहीत, लिहायच्या."

नर्स तोंड फिरवून हसली. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, गेली आपली नोकरी. मग त्यांनी कागद भिंतीला टेकवला आणि लिहिलं: 'दुसरा टप्पा. पहिल्या टप्प्यात उघडलेला मूत्रमार्ग बंद करणे.' खाली सही.

"झालं समाधान?"

"वेळ राहिली. वेळ टाका."

त्यांनी हात जोडले आणि वेळ टाकली.

नवा नंबर घालून अर्ज पुन्हा पाठवला. कंपनीला चार फोन केले, त्यातल्या तिसऱ्या फोनवर जरा आवाजही चढवला. मंजुरी आली ती ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं असताना. दादा तोवर हलले नव्हते. निघताना ते पाया पडायला वाकले. "अहो, काय हे!" म्हणून मी ओरडलेच.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन पार पडलं. सर गेले. तीन आठवड्यांनी दादांची लघवीची नळी काढली, आणि ती नोंद माझ्या टेबलावर आली. ती सरांच्या हाताखालच्या नव्या डॉक्टरीणबाईंची होती, सुवाच्य अक्षरात.

'नळी काढली. धार चांगली. रुग्णाने उभ्याने लघवी केली. रुग्णाने बाहेर येऊन वॉर्डातल्या सर्वांशी हात मिळवले. (धुऊन.)'

मी एकटीच खो खो हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. नळी काढल्याचा नंबर टाकला. तपासणीचा टाकला. 'उभ्याने'साठी नंबरांचं जाडजूड पुस्तक मागून पुढून चाळलं. त्याला नंबर नाही. मग ती ओळ तशीच, शब्दांत, फाइलला लावून ठेवली.