एका बोटाचा पाय

हे लिहिणारच नव्हतो. लिहिलं की कबूल करावं लागतं, आणि कबूल काय करायचं तर मी ब्रॉडीवर जळत होतो.

आमचं मेंढ्यांचं रान पोर्ट ऑगस्टा शहराच्या उत्तरेला. तिथे एक कोरडा ओढा आहे. शाळेत असल्यापासून मी त्यात हाडं शोधतोय. पुस्तकं मागवून वाचली. तो हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय कांगारू, आखूड तोंडाचा, आपल्यापेक्षा उंच, मागच्या पायाला एकच बोट. मला तोंडपाठ तो. आणि सापडला कुणाला? ब्रॉडीला. मेंढ्या कातरायला आला, ओढ्यात लघवीला गेला, आणि समोर काठाच्या मातीत त्या पायाची अख्खी हाडं!

"धार मारली आणि कांगारू निघाला," असं सगळ्यांना सांगायचा. सगळे हसायचे. मीपण.

हाडं काढून न्यायला संग्रहालयातून मोयरा आली. तिनं नावच देऊन टाकलं, 'ब्रॉडीचा खड्डा'. माझ्या हातात काय दिलं? टॉयलेट पेपर. नेताना मोडू नये म्हणून हाडावर आधी ओला कागद थापायचा, मग प्लास्टरमध्ये भिजवलेली गोणपाटाची पट्टी. कागद लावायचा राहिला तर प्लास्टर हाडालाच धरतं. काढताना भुगा.

दुपारी मोयरा पाणी आणायला गाडीकडे गेली. ब्रॉडीनं पट्टी उचलली. बोटाच्या टोकाला कागद नव्हता. मला दिसलं, त्याला नाही.

मी गप्प. पट्टी ठिबकत खाली येत होती. म्हटलं होऊ दे भुगा, मग मिरव म्हणावं तुझा खड्डा.

मग ते बोट पुन्हा दिसलं. इतकी वर्षं मी ते नुसतं वहीत काढलेलं.

"थांब, गाढवा! कागद!"

"का रे, घाईची लागली?" ब्रॉडी खिदळला. मग खाली बघितलं. हसू गेलं. "तुला आधीच दिसलेलं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"जळतोय लेका तुझ्यावर. माझा कांगारू होता तो."

त्यानं पट्टी वाळूत फेकली. तोंडावरच्या माश्या हाकलल्या.

"उद्या प्लास्टर सुकलं की हे हाडासकट उलटवायचंय," म्हणाला. "दोघांनी धरायचं. एकानं सोडलं की संपलं. तुला धरू देऊ का नको?"

"धरू दे."

"आणि पुन्हा जळलास तर?"

"जळेनच बहुतेक. पण हात सोडणार नाही. निसटलंच, तर आधी माझा पाय खाली घालीन. शब्द देतो."