कोरड्या तलावातली कुजबुज

वहिनींनी तळहाताचा आडोसा करून, जेमतेम श्वासाएवढ्या आवाजात वाक्य पुरवलं आणि ते थेट शेवटच्या बाकापर्यंत गेलं. तिथे खिळे ठोकत बसलेला सुतार हात थांबवून म्हणाला,

"वहिनी, इथपर्यंत आलं बरं का."

तालमीतले सगळे हसले. दिग्दर्शक तेवढा हसला नाही.

"उद्यापासून कुजबुज बंद. इथल्या भिंतींना कान नाहीत, तोंड आहे."

त्याचं बरोबरच होतं. जुनं नाट्यगृह दुरुस्तीला काढलेलं. तोवर मंडळींच्या वाट्याला आला होता हा पोहण्याचा बंद तलाव. पाणी उपसून तळाशी रंगमंच, चहूबाजूंनी बाक. ना पडदा, ना विंग. फरशा अशा, की एक शिंक दिली तर तिची चार भावंडं परत यायची.

वहिनींचा जीव टांगणीला लागला. नवरा गेल्यावर त्या वर्षभर नुसत्या खिडकीशी बसून असत. तेव्हा नाटकात कामं करणारी थोरली नणंदच येऊन म्हणाली होती, "अगं, मला हल्ली वाक्यं आठवत नाहीत. तू विंगेत उभी राहिलीस तर माझी अब्रू राहील." तेव्हापासून प्रत्येक प्रयोगात वन्सं कुठेतरी अडायच्या, कानाला हात लावायच्या आणि विंगेतून वहिनी वाक्य पुरवायच्या. आता अडल्या तर? वय झालेल्या नटीला एकदा विसरभोळी म्हटलं, की पुढची भूमिका आजीची आणि त्यापुढची भिंतीवरच्या फोटोतली.

पहिल्या प्रयोगाला वहिनी पुढच्या बाकावर बसल्या. संहिता मांडीवर, पण रंगमंचावरून येणाऱ्या अंधुक उजेडात अक्षर लागेना. दुसऱ्या अंकात वन्संचा हात कानाकडे गेला. आवाज न काढता वहिनींनी नुसते ओठ हलवले, सावकाश, स्पष्ट. वन्संनी त्या ओठांकडे निरखून पाहिलं. मग वळल्या आणि वाक्य असं काही बोलल्या, की टाळ्या पडल्या. वहिनींना इतकं हायसं वाटलं, की संहिता कधी घसरली ते कळलंही नाही.

रंगपट म्हणजे तलावाचं न्हाणीघर. वन्सं नळाखाली तोंड धूत होत्या.

"काय गं, मघाशी 'दार उघडं ठेव' सांगत होतीस ना? ते मागच्या नाटकातलं."

वहिनी ओशाळल्या. "अगबाई! मग तुम्ही बरोबर कसं बोललात?"

वन्संनी नळ आणखी मोठा सोडला.

"आलं तोंडात. टॉवेल दे."

वहिनींनी टॉवेल पुढे केला, पण सोडला नाही.

"वन्सं."

"हं?"

"काही नाही. कानामागे रंग राहिलाय तुमच्या."

आणि त्यांनीच तो हळूच पुसला.

दुसऱ्या दिवशी वहिनी संहिता घरीच ठेवून आल्या. त्याच जागी वन्संचा हात कानाला गेला. वहिनींनी ओठ मिटून घेतले, बाकाला पाठ टेकली, पायावर पाय टाकला आणि आता पुढे काय होतं ते बघत बसल्या, तिकीट काढून आलेल्या माणसासारख्या.

प्रसंग रडायचा होता. वन्संना हसू आलं, आणि ते लपवायला तिथे कुठेच विंग नव्हती.