तिसऱ्या लेव्हलवरची टोपी

बंद पडून पाण्यानं भरलेल्या खाणीत बुड्या मारायला माणसं लांबलांबून, अगदी हौसेनं येतात. मेलं, आम्ही जन्मभर त्या भोकातून बाहेर पडायला धडपडलो आणि हे पाठीवर हवेच्या टाक्या बांधून आत जातात! माझं काय जातंय म्हणा. त्यांचे रबरी पोशाख धुवायचे, उलटे करून वाळत घालायचे, एवढंच माझं काम. कामगारांच्या कपडे बदलायच्या जुन्या खोलीतच या बुड्या मारणाऱ्यांचं दुकान थाटलंय. मालकीण तिशीतली, स्वतः पाण्यात उतरणारी पाणबुडी, मला मावशी म्हणते. आणि माझे दीर तिथले नकाशेवाले. कुठला बोगदा कुठे निघतो ते त्यांना तोंडपाठ, कारण खाण चालू होती तेव्हा ते खाली कामाला होते. पाहुण्यांना नकाशा समजावताना एक किस्सा हमखास सांगतात. शेवटच्या पाळीला वर आला आणि घरी न जाता परस्पर पळाला, अशा एका कामगाराचा. पाहुणे खो खो हसतात. तो कामगार म्हणजे माझा नवरा.

सव्वीस वर्षं मी पळपुट्याची बायको म्हणून या गावात वावरले. पुरावा काय, तर बिल्ला. खाली उतरताना प्रत्येकानं फळ्यावरचा आपल्या नंबरचा पितळी बिल्ला काढून खिशात टाकायचा आणि वर आलं की परत खिळ्याला अडकवायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून खाली. खाण कायमची बंद झाली त्या दिवशी फळा भरलेला होता, दोनशे बारा नंबरसुद्धा. म्हणजे माझा नवरा वर आला होता. घरी मात्र आला नाही. त्याच आठवड्यात दवाखान्यातली नर्स गाव सोडून गेली. अहो, खाण बंद झाल्यावर अर्धं गाव गेलं! पण लोकांनी जोडी नेमकी त्या नर्सशीच जुळवली. आणि मीही ते खरं मानलं. मुलीला बजावलं, या घरात बापाचं नाव काढायचं नाही. तिनं आजवर काढलं नाही.

परवा दुपारी पाणबुडी वर आली ती चेहरा पाडूनच. पोशाखसुद्धा न उतरवता मला हाक मारली. दीर नकाशापाशी चहा पीत बसले होते.

"मावशी, तिसऱ्या लेव्हलला लिफ्टच्या विहिरीशेजारी एक खोली आहे ना, तिचं गाळात रुतलेलं दार आज उघडलं," ती म्हणाली. "तुमच्या घरातल्या कुणाचा नंबर दोनशे बारा होता का?"

तिनं कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. कामगाराची टोपी, पुढे नंबर. पुढच्या फोटोत टोपी आतून दिसत होती. आतल्या पट्ट्याला हिरवं बटण. मीच लावलं होतं, मुलीच्या झबल्याचं. दुसरं मिळालं नव्हतं घरात.

"टोपीचं काय वहिनी, घाईत कुणीही टाकून जातं," दीर म्हणाले.

"शेजारी बूट पण आहेत, काका," पाणबुडी हळूच म्हणाली. "आणि ते रिकामे नाहीत."

मला काय वाटलं सांगू? लाज वाटते, पण सांगते. आधी आनंद झाला. गेला नव्हता माझा नवरा! कुणाचा हात धरून गेला नव्हता! मग मी तिथल्या बाकावर बसले.

"भावोजी," मी म्हटलं, "ते खाली होते, तर बिल्ला वर कुणी लावला?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. पाणबुडी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत उभी.

"सगळेच करायचे वहिनी," ते म्हणाले. "फळ्याशी ही रांग लागायची. मग टोळीतला जो पहिला वर येई तो सगळ्यांचे बिल्ले घेऊन येई. मागचे पाच-दहा मिनिटांत यायचेच. त्या दिवशी मी पहिला आलो. दादा हत्यारं गोळा करायला थांबला होता. बाकीच्यांना वाटलं, लिफ्टच्या आधीच्या खेपेत गेला असेल. फळा भरलेला बघून मुकादमानं लिफ्ट वर घेतली आणि पंप बंद केले."

"आणि तुला कळलं कधी?" आयुष्यात पहिल्यांदा मी दिराला अरे-तुरे केलं.

"दुसऱ्या दिवशी. लिफ्टच्या इंजिनघरात आम्ही यंत्रं सोडवत होतो. लिफ्ट बोलवायची घंटा वाजली. तिची तार खालपर्यंत जायची ना. मुकादमानं फळा बघितला, म्हणाला खाली कुणी नाही, पाण्यानं तार हलत असेल, काढ ती घंटा. मी काढली."

"बोलला का नाहीस रे?"

"दुसऱ्या खाणीत कुणाला घ्यायचं त्याची यादी लागायची होती. बिल्ल्याची लबाडी कळली असती तर माझं नाव उडालं असतं."

"मग लागलं नाव?"

"लागलं."

पाणबुडीनं तोंडावर हात ठेवला. मला रडू येईना.

"घंटा काढलीस," मी विचारलं. "तार?"

"हलत होती."

"किती दिवस?"

"चार."

चौथा दिवस मला लख्ख आठवतो. त्या सकाळी मी नवऱ्याचे सगळे कपडे चादरीत बांधले, दाढीचं सामानसुद्धा टाकलं त्यात, आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत रस्त्याच्या कोपऱ्यावर, कचऱ्याच्या ढिगावर टाकायला निघाले. गाठोडं एकटीला उचलेना. एक बाजू मी धरली होती. दुसरी यानं धरली होती.